मावशीने पाहुणीला दाखवलेली करामत

मावशीच्या हाताखाली बदक ओरडत नाही, अशी तिची ख्याती होती. खरं तर ओरडायचं. इतर बायकांच्या हाताखाली ओरडायचं त्याहून कमी, इतकंच. बदक गुडघ्यांत धरायचं, मान काखेत दाबायची आणि पोटाखालची मऊ पिसं मुठीमुठीने उपटायची. पुन्हा उगवली की पुन्हा उपटायची. त्यांची पांघरुणं समुद्रापलीकडच्या थंड देशात जात. हा कळप मावशीने पिल्लांपासून वाढवलेला, त्याच्यावर तिचा जीव होता. मारत नाही, म्हणजे आपण बदकांवर उपकारच करतो, असं ती छातीठोकपणे सांगे. माणूस स्वतःची समजूत कशी घालेल, याचा नेम नाही.

एकदा तिकडच्या व्यापाऱ्याने पाठवलेली बाई पाहणीला आली. बदकांच्या शेडच्या मालकाने मावशीला बजावलं होतं, "पिसं मेलेल्या बदकांची, एवढंच बोलायचं." मावशीच्या ते जिवावर आलं. मेलेल्याची काय, कुणीही काढेल! तिने एक बदक धरलं आणि करामत दाखवली.

"बघा बाई, रक्ताचा थेंब तरी आहे का?"

पाहुणीने तोंडावर हात ठेवला. मावशीला ते कौतुक वाटलं.

पाहुणीने परत जाऊन पाहिलेलं सांगितलं आणि त्या देशाने माल बंदरातच अडवला. इकडच्या सरकारने तंटा मांडला: पीस ते पीस, ते कसं उपटलं याच्याशी गिऱ्हाइकाला काय करायचंय? देशादेशांतल्या व्यापाराचा निवाडा करणारे पंच म्हणाले, मुक्या जिवांचे हाल लोकांच्या नीतीला पटत नसतील, तर देशाला माल नाकारता येतो. बरोबरच म्हणाले. बदकांना मात्र त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

मालक शेडमध्ये आला. "मेलेल्यांची पिसं चालतात त्यांना. मोडा माना."

"सगळ्यांच्या?"

"मग काय, पोसत बसू? आणि तूच कर. दुसऱ्या कुणाच्या हाती लागत नाहीत ती."

"पाया पडते, मालक. हवं तर मला कामावरून काढा."

"काढतो की. मग गड्यांना काठ्या देऊन पाठवतो."

मावशी हमसून हमसून रडली. आपल्याच तोंडाने घात केला, हे तिला आता कळलं. मग डोळे पुसून तिने शेडचं दार लावलं आणि बदकांना हाक मारली. पिसं उपटून झाली की ती प्रत्येक बदकाला मूठभर दाणे घालायची. त्या आशेने सगळा कळप रेटारेटी करत तिच्याकडे धावला.