सहा ताटं आणि काशीगावची आत्या

खोलीवरच्या गोष्टींचं असं होतं बघा, मांडणीतून एक वाटी काढायला जावं तर सगळी भांडी अंगावर येतात. परवा कुणीतरी नुसतं विचारलं, "तुम्हाला स्वयंपाक येतो का हो?" झालं! मला मधूची आमटी आठवली, मग कुकर आठवला, मग ती सहा ताटं. ताटांचं तर मला अजून नीट उलगडलेलं नाही. तरी सांगतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नवघरला एका बिल्डिंगमध्ये तळमजल्याच्या खोलीत आम्ही तिघं राहायचो. मी आणि मधुकर एकाच गावचे, परभणीकडचे. तिसरा कदम, रत्नागिरीचा. तिघंही भाईंदरमधल्या एकाच स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात. कदम प्रेस मशीनवर, मधू भांडी घासून चकचकीत करायला, आणि मी भांड्यांवर नावं टाकायला. ते टरटर वाजणारं मशीन दिवसभर माझ्या हातात.

तिथंच पॅकिंगला निर्मला होती. जवळच्याच काशीगावची, जुन्या शेतीवाल्या घरातली. मधू आणि ती वर्षभर एकमेकांकडे बघून हसत होते. शेवटी मधूनं लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "आमच्या घरातले पुरुष पाण्याचा तांब्यापन स्वतः घेत न्हाईत. मला तसला नवरा नको. रविवारी संध्याकाळी तुझ्या हातचं जेवीन, मग सांगेन."

वर म्हणाली, "आत्याला घेऊन येते. घरात तिचाच शब्द चालतो."

म्हणजे एका जेवणावर मधूचं लग्न! त्यातून आम्ही बाहेरगावचे, मराठवाड्यातले बौद्ध, खोली भाड्याची. आत्या एकदा "न्हाय" म्हणाली असती की संपलं. आणि मधूला तोवर फक्त चहा येत होता. तोही कदमच्या मते येत नव्हता.

*

बेत काय करायचा, यावर तीन दिवस नुसती भांडणं. महिनाअखेर, खिसे रिकामे, आणि छाप तर पडली पाहिजे!

मधू म्हणाला, आपल्याकडची येसराची आमटी करू. भाजलेल्या धान्याचा मसाला, झणझणीत, आईनं डबा भरून दिलेलाच होता. फुकटात काम.

कदम म्हणाला, "खोबऱ्याशिवाय आमटी? ती काय जेवायला येतेय की आजारी पडायला?"

एवढ्यात शेजारच्या हंसाबेन दारातून म्हणाल्या, "मधूभाई, गुड़ डालो, गुड़! बिना गुड़ का दाल कोई खाता है क्या?"

मधूनं तिघांचंही वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, यातलं एक काहीतरी निवडेल. शुक्रवारी रंगीत तालीम केली तर पातेल्यात येसरही होतं, खोबरंही होतं आणि गूळही होता! वर शेंगदाण्याचं कूट.

मी विचारलं, "अरे, हे काय केलंस?"

तो म्हणाला, "कुणाला नाराज कशाला करायचं?"

चव कशी होती म्हणाल, तर मी तीन वेळा वाढून घेतली. आवडली म्हणून नाही, काय आहे ते कळेना म्हणून.

*

आमटी ठरली. पण रोज मासे खाणाऱ्या काशीगावच्या पाहुण्या आणि ताटात मासे नाहीत? शनिवारी सकाळी मी आणि मधू बाजारात गेलो. पापलेटचा भाव ऐकून मधू दोन पावलं मागे सरला. कोपऱ्यात एक थोराड बाई पाटी घेऊन बसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिनं मधूला हाक मारली.

"ए शिकलेल्या! हा कागद वाच जरा. मना वाचता येत न्हाय."

विजेचं बिल होतं. मधूनं वाचून दाखवलं. बाई खूश झाली. म्हणाली, "काय पायजे तुला?"

"मावशी, स्वस्तात मस्त काहीतरी द्या. पाहुणे आहेत."

"कोन पाहुणे?"

आता गप्प बसावं की नाही? पण मधू म्हणजे मधू! पॅकिंगमधली मुलगी, काशीगाव, लग्नाचं विचारलंय, उद्या येतेय, तिची आत्या म्हणे फार कडक आहे, सगळं सांगून टाकलं. बाई शांतपणे ऐकत होती. मग तिनं पाटीतले ओले बोंबील कागदात बांधले आणि म्हणाली, "घे. स्वस्त हाईत. पन तुझ्यानं होनार न्हाईत."

मधूचा स्वाभिमान दुखावला. घरी येईपर्यंत पुटपुटत होता, "होणार नाहीत म्हणे!"

*

कदम ड्युटीवर गेलेला, आमची दोघांची सुट्टी. बोंबील उद्यापर्यंत टिकायचे नाहीत, म्हणून आजच शिजवून ठेवायचे ठरवलं. आम्ही दोघं परभणीचे. आम्हाला ठाऊक काय, तर मटण! मटणाला लागतात कुकरच्या पाच शिट्ट्या. मधू म्हणाला, मासा जरा नाजूक असतो, आपण तीनच करू.

तीन शिट्ट्या केल्या. झाकण उघडलं. आत बोंबील नव्हते!

मी डोळे चोळले. मधूनं डाव घालून तळापर्यंत ढवळलं. लालसर पाणी, मसाला, बारीक बारीक काट्यांचा गाळ. बाकी काही नाही.

"तू घातले होतेस ना?" मी विचारलं.

"तुझ्यासमोर घातले!"

"मग गेले कुठं?"

मधूनं चक्क शिट्टी काढून तिच्या भोकातून बघितलं. दुपारी कदम आला. आम्ही दोघं कुकरभोवती बसलेलो, तोंडं उतरलेली. त्यानं आत बघितलं आणि भिंतीला टेकून खालीच बसला. हसता हसता त्याला बोलता येईना.

"अरे गाढवांनो, बोंबलाला शिट्टी? त्याला तव्यावर जरा जास्त वेळ ठेवला तरी विरघळतो तो!"

मधूला हसू आलं नाही. तो मला म्हणाला, "प्रभ्या, उद्या ती नाही म्हणणार." इतका रडवेला मी त्याला गावाकडेही कधी बघितला नव्हता.

*

आता ताटांचं. आमच्या खोलीतली सगळी भांडी कारखान्यातली, चुकलेली नाहीतर ऑर्डर फिरलेली. चहा प्यायचो त्या पेल्यांवर एका व्यायामशाळेचं नाव. आणि जेवायची ताटं? त्यांच्यावर "कै. अनसूयाबाई यांच्या स्मरणार्थ"! आम्हाला काही वाटायचं नाही. रोज अनसूयाबाईंच्या कृपेनं दोन घास खायचो.

पण होणाऱ्या नवरीला स्मरणार्थ ताटात वाढायचं? कदम म्हणाला, "अपशकुन आहे. बदला."

मला आठवलं, माझ्या टेबलाखाली सहा ताटं पडलीत. काही महिन्यांपूर्वी एका पार्टीनं लग्नात वाटायला ताटांची मोठी ऑर्डर दिली. मी सगळ्यांवर नावं टाकली आणि दुसऱ्या दिवशी शेठ ओरडत आले, "अरे, शादी टूट गई! नाम घिस डालो!" मधू तेव्हा गावाला गेलेला, म्हणून दुसऱ्यांनी नावं घासून काढली. सहा ताटं तेवढी राहून गेली.

शनिवारी संध्याकाळी मी ती शेठला विचारून घरी आणली. वर "शुभविवाह" एवढं बघितलं आणि म्हटलं, वा, शकुनाची आहेत!

पुढची नावं वाचली नाहीत. आता तुम्ही म्हणाल, ही काय रीत झाली? अहो, दिवसभर नावं टाकणारा माणूस नावं वाचत नसतो. माझ्या सख्ख्या मामेभावाच्या लग्नाची भांडी मी स्वतः कोरली आणि त्याचं लग्न ठरलंय हे मला आठवड्यानं आईच्या पत्रातून कळलं!

*

रविवारी संध्याकाळी दारावर थाप पडली. निर्मला आत आली. तिच्यामागून आत्या. थोराड बांधा, ठसठशीत कुंकू, हातात डबा.

मधूच्या हातातला डाव खाली पडला. बाजारातली मावशी!

"मीच ती कडक आत्या," ती म्हणाली आणि डबा पुढे केला. तळलेले बोंबील होते. "तुझ्यानं होनार न्हाईत, म्हनून मीच आनले. काल केलंस काय त्यांचं?"

"कुकर..." मधूच्या तोंडून निघून गेलं. निर्मलानं पदर तोंडाला लावला.

आत्यानं खोली बघितली, भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघितली आणि जेवायला बसली. कदम वाढायला लागला, तर घाबरून त्यानं आधी भात वाढला, मग भाकरी, मग परत भात. भरली वांगी, चटणी, बोंबील आणि मधूची ती आमटी. पाचही जणांची ताटं पार झाकली गेली.

आत्यानं आमटी चाखली. थांबली. परत चाखली.

"ही कंच्या गावची रं?"

"सगळ्याच," मधू म्हणाला.

"तूच केलीस?"

"हो. चुकलीय का?"

ती जेवत राहिली. हसावं की रडावं, मधूला कळेना. मलाही कळेना. शेवटी आत्यानं ताट दोन्ही हातांनी उचललं, तिरकं केलं आणि तळाची आमटी भुरका मारून पिऊन टाकली. ताट तसंच धरून ती बघत राहिली. आमची ती कोरलेली अक्षरं उजेडात तिरकी धरली की लख्ख दिसतात.

"गो निर्मला, यात काय लिवलंय बघ."

मी बसल्या जागेवरून मान वाकडी करून वाचलं, आणि हातातला घास परत ताटात ठेवला. "शुभविवाह. चि. सौ. कां. सुलोचना व चि. मधुकर."

कोण सुलोचना? कुठला मधुकर? देवाशपथ सांगतो, तो मधुकर दुसरा कुणीतरी! पण हे आता कोण ऐकणार? मी कदमकडे बघितलं, कदमनं माझ्याकडे बघितलं.

निर्मलानं ताट हातात घेतलं. वाचलं. मधूकडे बघितलं. तो पांढराफटक पडलेला, कपाळाला पीठ, बोटाला भाजल्याचा फोड. मग माझ्याकडे बघितलं. मी नुसती जोरजोरात मान हलवत होतो, नाही, नाही, नाही. तिनं परत ताटाकडे बघितलं, चांगलं निवांत.

"अगो, वाच की," आत्या म्हणाली.

निर्मलानं एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्यानं वाचलं, "शुभविवाह. चि. सौ. कां. निर्मला व चि. मधुकर."

मधू घाईघाईनं आपल्या ताटातला भात बाजूला सारून वाचायला लागला.

आत्यानं हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "नाव टाकून बसलाव, मंग मना कशाला आनलाव विचाराया?"