हेडमास्तरांची बिस्किटं आणि शकूचं वजन

चार मास्तर एका ओट्यावर बसले की किस्से निघायला वेळ लागत नाही. एकानं काढला की दुसऱ्याला दम धरवत नाही, आणि तिसरा म्हणतो, "हे तर काहीच नाही बे!" आमच्या जळगाव जामोदच्या शाळेत असा साठा भरपूर. त्यातले निम्मे हेडमास्तरांच्या स्वयंपाकघरातले. ते सांगताना आम्ही पोट धरून हसतो. मग कोणीतरी शकूचं नाव काढतं आणि सगळे मान खाली घालून सुपारी कातरत बसतात. मला विचाराल तर यातला एकही किस्सा घडला नसता तर बरं झालं असतं. पण घडले, त्याला काय करता!

*

आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हाची गोष्ट. हेडमास्तर गणपतराव विधुर. घरात ते आणि सात वर्षांची शकू, बस्स. माणूस गणितात वाघ, पण चुलीपुढे शेळी! त्यामुळे घरात सगळं विकतचं. टिनातली दुधाची पावडर, डब्यातली बिस्किटं, बाटलीतला जॅम. शकूला तेच आवडायचं. भाकरी दिसली की ती तोंड फिरवायची.

श्रावणात हेडमास्तरांच्या सासूबाई खामगावहून आल्या. त्यांनी नातीचा दंड चाचपला आणि जावयाकडे पाहिलं.

"डब्यातलं खाऊन पोट्टी डब्यासारखी वाजू लागली, जवाईबापू!"

बाई बोलून थांबणाऱ्या नव्हत्या. नातीला घेऊन थेट अडत्याच्या काट्यावर गेल्या, कापूस तोलतात त्या पारड्यात तिला बसवलं आणि वजन पाहिलं. म्हणाल्या, "दिवाळीले येईन. घरचं खाऊ घाला. वजन वाढलं तर पोट्टी तुमची, नाही तं मी घेऊन जाईन."

सासूबाईंची मोटार गेल्यावर हेडमास्तर आम्हाला म्हणाले, "बायको गेली. आता पोरगीबी गेली तर शाळा सुटल्यावर मी घरी कशाले जाऊ?"



*

शकू डब्यातलंच खाते ना? मग डब्यातलं घरी करायचं! हा फॉर्म्युला हेडमास्तरांचाच. मदतीला मी आणि उमाळे गुरुजी. उमाळ्यांचा घरचा मळा, घरची म्हैस, त्यामुळे ते आमचे सप्लायर.

पहिली बिस्किटं झाली. कणीक, तूप, गूळ. परातीत लावली, खाली निखारे, वर झाकण, झाकणावर पुन्हा निखारे. रंग असा फर्स्ट क्लास आला की आम्ही टाळ्या वाजवल्या. मग उमाळे गुरुजींनी एक दाताखाली धरलं आणि हळूच बाहेर काढून कोटाच्या खिशात ठेवलं.

"काऊन गुर्जी, कसं झालं?"

"घरी नेऊन सांगतो. तिथं खलबत्ता आहे!"

शकूनं एक बिस्कीट ताटात टाकून पाहिलं. टण्णकन आवाज झाला. म्हणाली, "बाबा, हे ताटात नका वाढू. ताट फुटन."

तिसऱ्या खेपेला मात्र बिस्किटं तोंडात विरघळली. म्हशीचं तूप दुप्पट घातलं होतं! शकूनं न सांगता दुसरं मागितलं, आणि गणिताचा हा वाघ अंगणात येऊन चक्क नाचला.

*

नंतर दुधाची पावडर. दूध आटवलं की पावडर होते, असं हेडमास्तरांचं शास्त्र. रविवारी सकाळी कढई चढली. दूध घट्ट झालं, आणखी घट्ट झालं. हेडमास्तर घामाघूम, पण उलथनं सोडेनात.

"झाली का पावडर?" त्यांनी विचारलं.

उमाळे गुरुजी कढईत डोकावले. "सर, आमच्या मळ्यात याले खवा म्हणतात!"

शकूनं तो साखर घालून फस्त केला. पावडर नाही झाली, पण दूध पोटात गेलं ना? हेडमास्तरांनी कढई खरवडून जरासं बोटाला लावलं, चाटलं आणि म्हणाले, "चला, माझं जेवण झालं." आम्ही हसलो.

*

पेरूच्या जॅमचा किस्सा तर अख्ख्या गावाला पाठ आहे. हेडमास्तरांचं घर शाळेला लागूनच. एकदा मंद विस्तवावर पेरू ठेवून ते प्रार्थनेला येऊन उभे राहिले. दोन ओळी झाल्या न झाल्या तोच जळका वास आला आणि हेडमास्तर पळत सुटले. पोट्ट्यांना वाटलं, आग लागली! सारी शाळा त्यांच्यामागे. मी "थांबा बे, थांबा!" ओरडतोय, पण ऐकतो कोण?

दारात जाऊन पाहतात तर हेडमास्तर पळीनं तळ खरवडताहेत. त्या दिवशी शाळा भरलीच नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत सगळी पोट्टी जळका वास शोधत नाक वर करून उभी!

*

मग निघाली शकूची ताकदीची पावडर. गव्हाला मोड आणायचे, वाळवायचे, भाजून दळायचे आणि दुधातून द्यायचे. वाळवायला हेडमास्तरांचं अंगण पुरेना, म्हणून गहू आला चौथीच्या वर्गातल्या बाकांवर. आणि नेमका त्याच दिवशी बुलढाण्याहून इन्स्पेक्टर!

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"नेचर स्टडी, सर," हेडमास्तर म्हणाले.

साहेब वर्गाकडे वळले. "सांगा पाहू, हे मोड आलेलं धान्य कशाचं आहे?"

सारा वर्ग एका सुरात ओरडला, "शकूचं औषध!"

हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं, सासूबाई, काटा, दिवाळी. साहेब ऐकत राहिले. मग त्यांनी आधी झालेल्या पावडरीच्या दुधाचा एक पेला मागवला, प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "नेचर स्टडी चालू ठेवा. फक्त वेलची थोडी जास्त!"

*

दिवाळीला सासूबाई आल्या. सोबत रिकामी ट्रंक.  

अडत्याच्या काट्याभोवती आम्ही सगळे जमलो. शकू पारड्यात बसली. हमालानं मागचं वजन टाकलं, पारडं हललं नाही. आणखी टाकलं, तरी नाही.

"माय वं!" सासूबाईंनी तोंडाला हात लावला. "पोट्टी भरली की!"

उमाळे गुरुजींनी टोपी उडवली. हेडमास्तर भर बाजारात रडले. सासूबाई म्हणाल्या, "हरली मी, जवाईबापू. पोट्टी तुमची." आम्ही वाजतगाजत घरी आलो. हेडमास्तर सगळ्यांना बिस्किटं वाटत सुटले.

शकू कुठं दिसेना. पाहिलं तर ती आत ट्रंक उघडून बसलेली.

"आजी, माह्ये फ्रॉक भर. मले तुह्यासंग येऊ दे."

"काऊन वं? वजन तं वाढलं तुह्यं!"

"माह्यं वाढलं. बाबाकडे पाह्य."

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. खरं सांगतो, त्या तीन महिन्यांत तोवर कोणी पाहिलंच नव्हतं. गळ्याची हाडं वर आलेली, कोट दुसऱ्याचा घातल्यासारखा.

"दूध, तूप, सारं मलेच देतात," शकू म्हणाली. "मी गेली का बाबाले जेवाले भेटन."

हेडमास्तर हातात बिस्किटांचं ताट धरून उभे होते. "मले भूकच नसते, शकू. खरंच नाही लागत."

"मी इथं आहे तवर नाहीच लागत," शकू म्हणाली, आणि एकेक फ्रॉक घडी घालून ट्रंकेत ठेवू लागली.