थिमेटचा डबा

परवा गोठा आवरताना थिमेटचा जुना डबा सापडला. कपाशीच्या किडीचं ते विष. त्याचा कुजकट वास आला.

मी नऊ वर्षांची होते. लांडग्यानं आमच्या शेळीचं पिलू मारलं, तेव्हा मायनं त्याच मेलेल्या पिलात थिमेट भरून ते नाल्यावर ठेवलं. आमचा कुत्रा बांधला. मी दिवसभर नाल्याकडे उडणारा प्रत्येक कावळा धास्तीनं बघत होते.

संध्याकाळी पळसाखाली लांडगी मरून पडलेली दिसली. माय खाली बसली आणि शेळीचं बघतात तसं तिनं लांडगीचं थान दाबून पाहिलं. दूध आलं.

"हिची पिल्लं कुठी असतील वं?" मायनं मलाच विचारलं.

"मंग काहून मारलं हिले?"

"आपल्या शेळ्या वाचवाले लागते ना, बाई."

दोन दिवस माय नाल्याकाठच्या बिळांपाशी वाटीत शेळीचं दूध ठेवत राहिली. एकही वाटी रिकामी झाली नाही. तिसऱ्या दिवशी बाजार होता. लांडगीपासून वाचवलेले आमचे दोन बोकड तिनं खाटकाला दिले.

आता शेळ्या माझ्या आहेत. काल नाल्यावर लांडग्याच्या पंजांचे ताजे ठसे दिसले.

डबा मी अजून फेकलेला नाही.