उझेसच्या आजोबांना मॉरिसव्हिल कशाला हवं?

मंडळी, आज सकाळपासून डोकं चक्रावलंय. तुमचं मत हवंय.

दक्षिण फ्रान्समधल्या उझेस या छोट्या गावातल्या एका आजोबांनी आम्हाला एका वेबसाइटवर विचारलं होतं, उन्हाळ्यात महिनाभर त्यांच्या घराची आणि आमच्या अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या घराची अदलाबदल करायची का? नवरा म्हणाला, "स्कॅम आहे यार. असलं गाव सोडून मॉरिसव्हिलला कोण येतं?" मलाही पटलं.

आज शनिवार. व्हिडिओ कॉलवर मी मुद्दाम म्हटलं, "आज तुमचा बाजार असतो ना? दाखवा." आजोबा फोन घेऊन खाली उतरले. दगडी कमानी, झाडांखाली दुकानं. ऑलिव्ह विकणाऱ्या बाईंनी त्यांना नावानं हाक मारली.

तरी मी विचारलंच, "तुमच्या गावाजवळच्या झऱ्याचं पाणी पूर्वी कुठे जायचं?"

"नीम शहराला. रोमन लोकांनी कालवा बांधून नेलं. परीक्षा संपली?"

"मग इथे का यायचंय?"

"माझी मुलगी तुमच्या मागच्या गल्लीत राहते. आमचं बोलणं बंद आहे. नातू मी अजून पाहिला नाही."

गाव खरं, माणूसही खरा. पण लेकीनं बोलणं का तोडलं असेल? मी स्पष्ट सांगितलं, "आधी तिला विचारीन."

त्यांनी तिचा पत्ता सांगितला. मग म्हणाले, "विचारा. ती नको म्हणाली तर मी येणार नाही."

आत्ता तिच्या घरासमोर उभी आहे. अंगणात छोटी सायकल पडलीये. तुम्ही बेल वाजवली असती?