परीक्षकांसमोरचा चुकीचा प्रश्न

पत्नी वारली त्या वर्षीच्या दुष्काळात कर्जतजवळ खडी फोडायच्या कामावर मी हजेरी घेत असे. आरोग्यशिक्षणात एम.ए. करणाऱ्या एक बाई तिथे येत. बायकांशेजारी बसून त्याही खडी फोडत. पोराबाळांच्या आजारांवर काय करायचं ते सांगताना हातोडीचा ताल कधी चुकत नसे.

बाईंनी बायकांना काय शिकवलं ते पाहायला, प्रात्यक्षिक परीक्षेसाठी, पुण्याचे परीक्षक आले. परका पुरुष पाहून बायकांनी पदर ओढले. कुणी तोंड उघडेना. बाईंची पदवी गेली, असं मला वाटलं. बाईंनी मात्र शांतपणे हातोडी उचलली आणि विचारलं, "पोराला हगवण लागली की पाणी बंद करायचं, हो ना गं?"

"अवं बाई, येड लागलं का तुमाला?" सगळ्या एकदम ओरडल्या. "मीठ-साखरेचं पानी पाजायचं! तुमीच सांगितलं न्हवं?"

बाई तिथेच पास झाल्या. पत्नी गेल्यानंतर मी पहिल्यांदाच मोठ्याने हसलो.