मामांचा राग आणि कौसाबाईंचं घरकुल

माझ्या आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या मांडवगण फराट्याच्या मामांनी, रागावल्याशिवाय एकही दिवस मावळू दिलेला नाही. टीव्हीवर 'मध्य महाराष्ट्रात पाऊस' असं सांगितलं की ते रिमोट आदळतात. "मध्य महाराष्ट्र म्हंजी कुठं? मांडवगणात पडंल का न्हाई ते सांग की." दौंडच्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं, तर "येईल त्याला ह्येच सांगता, माझं काय ते बघून सांगा," म्हणत मामांनी तिथंच रक्तदाब वाढवून घेतला.

पण घरकुलाचा त्यांचा राग हसण्यासारखा नव्हता. गावाच्या कडेला कौसाबाई नावाची विधवा म्हातारी पत्र्याच्या खोपटात एकटी राहायची. केंद्राच्या योजनेतलं पहिलं घरकुल तिलाच, असं ग्रामसभेनं ठरवलं. एरवी सतरंजीवरच्या जागेवरूनही भांडणाऱ्या गावाचं एकमत झालं म्हणून मामा त्या दिवशी चक्क हसले. पुढे मोबाईलवरच्या सर्वेक्षणात तिचं नाव उडालं. मुलाच्या नावावर मालवाहू रिक्षा, म्हणून कुटुंब अपात्र. हा मुलगा कारेगावात वेगळा राहतो, आईकडे फिरकतही नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. पण दिल्लीत केलेल्या नियमाला गावाला विचारायची गरजच नव्हती.

मामा कौसाबाईला घेऊन शिरूरच्या कचेरीत धडकले. साहेब भला माणूस होता. म्हणाला, "मामा, तुमचा ठराव मला पटतो. पण सिस्टिम घेत नाही. नियम वरून येतात."

"ग्रामसभा सगळ्यात मोठी, हे तुमीच शिकवलं आमाला. आता आमी ठरवलेलं तुमाला चालत न्हाई, आन् तुमाला पटलेलं वर चालत न्हाई. मग ही कचेरी उघडता कशापायी?"

साहेबानं ठरावाची प्रत तेवढी फायलीला लावून घेतली.

शेवटी गावानंच विटा-वाळू जमवून कौसाबाईला एक खोली बांधून दिली. सगळे खूश. मामा मात्र पेढा हातात धरून गवंड्यावरच खेकसले, "आपुन बांधली म्हंजी दिल्लीवाल्यांची चूक झाकली."

त्यानंतर ग्रामसभेला माणसं येईनाशी झाली. तिथं ठरवून काय व्हतंय, असं जो तो म्हणू लागला. परवाची सभा तर माणसं कमी पडली म्हणून तहकूब झाली. शाळेच्या व्हरांड्यात मामा आणि कौसाबाई तेवढे बसून राहिले होते. मी म्हणालो, "चला मामा, घरी."

ते उठले नाहीत. रिकाम्या सतरंजीकडे बघत हळूच म्हणाले, "दिल्लीवर चिडायला सोपं हाय रं. गावावर कसं चिडायचं?"