वाकडी कड

हे गेले, त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या इथे, अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये, जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. लायब्ररीतून परतताना मी सहज आत शिरले. एका निळ्या कॉर्व्हेटजवळ सत्तरीची एक अमेरिकन बाई घडीच्या खुर्चीत बसून सफरचंद कापून खात होती. गाडी त्रेसष्ट सालची. त्या सालच्या गाड्यांना मागच्या काचेत मधोमध एक उभी पट्टी असते आणि शौकिनांचा सगळा जीव त्या पट्टीत असतो. हिच्या गाडीला ती नव्हती.

"अहो बाई, हे पाप कुणी केलं?" टोपी घातलेल्या एका गृहस्थांनी विचारलं.

"माझ्या नवऱ्याने. करवतीने कापली. मागचं काही दिसत नाही म्हणायचा."

"तशीच पट्टी आहे माझ्याकडे. बसवून देतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

ती उठली. कापलेली जागा जिथे जराशी वाकडी राहिली होती, तिथून तिने सावकाश अंगठा फिरवला.

"बाकी सगळी गाडी कारखान्यात झाली," ती म्हणाली. "एवढंच त्याने केलंय."

त्या गृहस्थांनी टोपी काढली आणि वाकून ती कड पाहिली.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "लाव हात," ती म्हणाली.

घरी यांच्या कुठल्याही वस्तूला मी अजून हात लावला नव्हता. त्या अनोळखी माणसाने कापलेल्या कडेवर मात्र मी बोट ठेवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.